उलट्या आट्यांचं पेन

दाजी,

दहाव्याला कावळा लगेच शिवला. तुमच्या पुतण्यानं पान ठेवलं, तो मागं वळतोय न वळतोय तोवर झडप. मागं बसलेली माणसं हळहळली, "सुटला बिचारा, कशात जीव अडकला नव्हता." मला मात्र तुमचा असा राग आला म्हणून सांगू! मी घरातनं मनाची तयारी करून आलो होतो. कावळा अडणार, रेखा म्हणणार, "बाबा, आईला मी सांभाळीन." तरी शिवणार नाही. मग अक्का काहीतरी म्हणणार, तरी नाही. मग सगळे माझ्याकडं बघणार, आणि मी चारचौघांत हात जोडून म्हणणार, "दाजी, हरलो. उलटे आटे पाडतो." एवढं एक वाक्य घोटून घोटून पाठ केलं होतं. तुम्ही ते म्हणायची वेळच येऊ दिली नाहीत. इतकी वर्षं एका टोपणावरून माझ्याशी भांडलात, आणि जाताना काही मागणंच नाही? असं कुठं असतं का?

परवा रेखानं विचारलं, "मामा, हे उलटे आटे म्हणजे नक्की काय?" तुमची लेक, पण बापाच्या खुळाची तिला पुरती कल्पना नाही. मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. म्हटलं, उघड. उघडली. म्हटलं, जगातली झाकणं याच बाजूला फिरून उघडतात. आता एक झाकण असं समज, की या बाजूला फिरवलं तर ते आणखी घट्ट होतं, आणि आपण ज्या बाजूला घट्ट करतो त्या बाजूला फिरवलं तर उघडतं. तुझ्या बापाला पेनाच्या टोपणाला तसले आटे पाहिजे होते.

"का?" म्हणाली.

"डावरा म्हणून."

त्यावर ती बाटलीचं झाकण बराच वेळ फिरवत बसली होती.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. तुम्ही गेलात म्हणून मी मत बदलणारा माणूस नाही. आट्याला डावाउजवा कळत नाही. उलटे आटे जगात नसतात असं नाही. सायकलच्या डाव्या पायडलला असतात, कारण तिथं सरळ आटे पाडले तर ते चालवता चालवता सुटतील. त्याला कारण आहे. पेनाला काय कारण? दुसऱ्या कुणाच्या हातात ते गेलं की तो उघडायला म्हणून घट्ट करणार, उघडत नाही म्हणून आणखी जोर लावणार, आणि कटकन आटे जाणार. हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं! तुम्ही ऐकून घ्यायचात, तोंडात शेंगदाणे टाकायचात आणि म्हणायचात, "मेव्हणे, दुसऱ्याच्या हातात द्यायचंच कशाला?" ज्या माणसानं भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना पेनं वाटली, तो हे म्हणतो! पुढं वर आणि, "लग्नात कानपिळीला माझा उजवा कान पिळलात, तिथंच चुकलात. डावा पिळला असतात तर तुमचं म्हणणं डोक्यात शिरलं असतं."

मी तुमच्या बाल्कनीत पहिल्यांदा आलो ते काही मदत करायला नव्हे. माझी बायको, मालती, जाऊन थोडे महिने झाले होते. मी घरात टीव्ही लावून बसायचो, त्यावर काय लागलंय ते बघायचो नाही. भांडी एकच ताट, एकच वाटी, ती पण धुवायचा कंटाळा. तुमचा फोन आला, "दत्तोबा, लेथ आणलाय, बघायला या." म्हटलं, जन्मभर वर्कशॉपात लेथच बघितला की, आता त्यात काय बघायचं? फिरत्या चकासमोर उभं राहून राहून पायाच्या शिरा सुजल्या होत्या. निवृत्त झालो तेव्हा मालतीला सांगितलं होतं, परत लेथला हात लावायचा नाही. पण पाठोपाठ अक्काचा फोन. "ये की रं, च्या तरी घे." सख्ख्या बहिणीला नाही कसं म्हणणार? आलो.

बघतो तर काय, शाळेतला गणिताचा मास्तर अक्काचा जुना एप्रन घालून, पोरांच्या खेळण्याएवढ्या लेथवर बाभळीचा तुकडा लावून उभा. तुकडा चकात वाकडा. टूल धरलंय ते आमटी ढवळल्यासारखं, आणि तेही डाव्या हातात. सगळी बाल्कनी भुशानं माखलेली, तुळशीसकट. मोबाईलवर व्हिडिओ लावून ठेवलेला, त्यातला गोरा माणूस इंग्रजीत समजावतोय आणि तुम्ही त्याला मराठीत "थांब रे बाबा, थांब" म्हणताय. मी जरा वेळ सोसलं. मग म्हटलं, "दाजी, सरका." तिथनं सुरू झालं. मला कसली हौस न् फौस. तुमचं चुकीचं काम मला बघवेना, एवढंच.

मग काम आपोआप वाटलं गेलं. लाकूड हुडकायचं, कापायचं, भोक पाडायचं, घासायचं, पॉलिश करायचं, हे तुमचं. आटे माझे. तुमच्या हातून आटे कधी जमलेच नाहीत. आटे पाडायचा टॅप घातला की तिरका. लाकडाला तुम्ही कुठंही हात घालायचात. कुणाच्या खाटेचा मोडका पाय, साखर पेठेतनं आणलेला हातमागाचा जुना धोटा, मोहोळच्या बाजारातनं उचललेला बोरीचा ओंडका. जुळे सोलापुरात एखाद्याच्या अंगणात झाड तोडायला लागले की तुमची स्कूटर हजर. लोक सरपण म्हणून द्यायचे, तुम्ही सोनं नेल्यासारखं न्यायचात.

दुपारी चारला फोन यायचा. "आटे पाडायला या." त्यापलीकडं एक शब्द नाही. कसे आहात नाही, जेवलात का नाही. मी पायात चप्पल सरकवायचो आणि दोन गल्ल्या चालत यायचो. एप्रिलच्या उन्हात डांबर चपलेला चिकटायचं, तरी यायचो. शिव्या देत यायचो, पण यायचो.

आणि तो बाण! टोपण आणि दांडी माझ्या हातात देताना टोपणावर पेन्सिलीनं गोल बाण काढलेला असायचा, उलट्या बाजूचा. तोंडानं बोलायचं काही नाही. तोंड कसं, तर शाळा तपासायला साहेब आल्यासारखं गंभीर. मी अंगठ्याला थुंकी लावून बाण पुसायचो आणि सरळ आटे पाडून द्यायचो. तुम्ही म्हणायचात, "टर्नरला वाचता येत नाही वाटतं." मी म्हणायचो, "मास्तरांचं अक्षरच तसलं." आतनं अक्का ओरडायची, "झालं का तुमचं थुकणं? च्या निवला." आपल्या हातून असं एक पेन गेलं नाही ज्यावर बाण नव्हता. आणि ज्याचा बाण मी पुसला नाही, असंही एक गेलं नाही.

माझी पसंती लाकडाला आणि तुमची त्या रंगीत ॲक्रिलिकच्या प्लास्टिकला, हे आणखी एक भांडण. लाकडात बारीक आटे धरत नाहीत, धारा झडतात. म्हणून आतनं ॲक्रिलिकची नळी चिकटवायची आणि आटे त्या नळीत पाडायचे, हे मीच तुम्हाला सांगितलं. माझीच जीभ जळाली. तुम्हाला तेवढं निमित्त पुरलं. ऑनलाइन कांड्या मागवायला लागलात. मोरपंखी काय, जांभळी काय, शेंदरी आणि त्यात चांदीचा चुरा काय! बाल्कनीचं कासाराचं दुकान करून टाकलंत. अख्खी पेनं त्याची करायला लागलात. "लाकडाचं पेन सुतकी दिसतं हो," म्हणायचात. "आणि हे तुमचं बर्फाच्या गोळ्यासारखं. लिहिता लिहिता चोखावं वाटतं," मी म्हणायचो. निदान लाकडाच्या पेनात तरी नळी काळी घाला, टोपण उघडल्यावर दिसू नये अशी, यावर मी अडून बसलो. तेवढं एक तुम्ही मानलंत. कुरकुरत मानलंत.

एकदाच तुम्ही थट्टा सोडून बोललात. लाइट गेली होती, लेथ बंद, आपण नुसते बाल्कनीत बसलो होतो. तुम्ही तुमच्या अक्कलकोटच्या शाळेचं सांगितलंत. डाव्या हातानं पाटीवर लिहिलं की गुरुजी बोटांच्या पेरांवर पट्टी मारायचे. घरी आल्यावर आई अभ्यासाला बसवताना डावं मनगट सुतळीनं बांधायची, पाटाच्या पायाला. ती पण रडायची म्हणे बांधताना. पंगतीत डावा पुढं आला की लोक बघायचे. फळ्यावर उजव्या हातानं लिहून तुम्ही सगळी नोकरी काढलीत. आणि निवृत्त झालात त्या संध्याकाळी, हार बाजूला ठेवून, खोलीचं दार लावून डाव्या हातानं स्वतःचं नाव लिहून बघितलंत.

"पहिलीतल्या पोरासारखं आलं," म्हणालात, "पण माझं होतं."

मग म्हणालात, "जेवायला उजवा, प्रसादाला उजवा, सहीला उजवा. तक्रार नाही. पण आपल्या हातानं केलेलं एक टोपण तरी माझ्या हाताला वळतं तसं वळू द्या की, मेव्हणे."

मी म्हटलं, "उलटा टॅप कुठं मिळायचा?"

"ऑनलाइन मिळतो."

"मागवलात तर मी या बाल्कनीत पाऊल टाकणार नाही."

तुम्ही हसलात. लाइट आली. तुम्ही टॅप काही मागवला नाहीत. मोरपंखी कांड्या मागवणाऱ्या माणसाला एक टॅप मागवायला काय लागत होतं? तेव्हा मला वाटलं, मी जिंकलो. आता रिकाम्या दुपारी बसून बसून माझ्या ध्यानात यायला लागलंय, की तुम्ही तो का मागवला नाहीत. माझं म्हणणं अजून तेच आहे, हां. पण ध्यानात आलंय.

शेवटचं पेन अक्काच्या लाटण्याचं. तिच्या लग्नात आलेलं शिसवी लाटणं, एका टोकाला तडा गेलेलं, तरी ती सोडत नव्हती. तुम्ही तिला न विचारता उचललंत. संध्याकाळी कणीक मळून ती शोधतेय, "माझं लाटणं कुटं गेलं?" आणि तुम्ही बाल्कनीत पाठ करून शीळ घालताय. सापडलं तेव्हा त्याचे तुकडे झाले होते. तिनं तुम्हाला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही, तुम्हाला पाठच असेल. त्या रात्री तिनं बाटलीनं पोळ्या लाटल्या. "तुलाच देतो की त्याचं पेन करून," तुम्ही म्हणालात. "मला काय करायचंय प्यान? किराणा लिव्हू व्हय?" "हां, किराणा लिही. पण झोकात लिही."

तेल आणि पीठ मुरून मुरून ते लाकूड काळंभोर झालं होतं. तुम्ही घासायला लागलात की पोळीचा वास यायचा, अगदी खरं. टोपण आणि दांडी तयार झाली, आत काळी नळी चिकटवून झाली. मी निघताना म्हणालात, "उद्या आटे."

उद्या चार वाजले, फोन वाजला. मी कानाला लावायच्या आधीच म्हणालो, "आलो." पण तिकडून अक्का होती.

"दत्ता, पळत ये. ह्ये बोलंना झाल्यात."

पुढचं तुम्हाला काय सांगू?

भेटायला माणसं येत होती ना, त्यांच्या खिशाला तुमची पेनं होती. दातांचा डॉक्टर, कोपऱ्यावरचा भाजीवाला, शाळेतले शिपाई. एकेक जण पेन काढून दाखवायचा, "सरांनी दिलं होतं." सगळ्यांची टोपणं सरळ फिरून उघडत होती. आटे माझे होते, कुणी मला विचारलं नाही, विचारावं असंही नव्हतं. मी कोपऱ्यात बसून त्या बाल्कनीच्या दाराकडं बघत होतो. दार कुणीतरी कडी घालून बंद केलं होतं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. रेखा आईला नाशिकला न्यायचं म्हणाली. बरोबर आहे तिचं. अक्का पण तयार झाली, फक्त म्हणाली, "त्येंचं अर्धं काम ठिवून मी जाणार न्हाय." आणि डब्यातनं फडक्यात गुंडाळलेली टोपण आणि दांडी माझ्या हातात दिली. "माझं लाटणं तेवढं जोडून दे, दत्ता."

फडकं सोडलं. टोपणावर बाण होता. काळ्या लाकडावर दिसावा म्हणून या वेळी तुम्ही पांढरी पेन्सिल वापरली होतीत. अंगठा सवयीनं तोंडापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

घरी आणून ते दोन तुकडे मी टीव्हीवर ठेवले. कावळा अडला असता तर सोपं होतं हो. शब्द दिला, शब्द पाळला, झालं. आता मला कुणी सांगणारं नव्हतं, कुणी अडवणारं नव्हतं. सरळ आटे पाडले असते तर कुणाला काही कळलं नसतं. अक्कालाही नाही. बाण पुसायचा आणि टॅप घालायचा, चहा निवायच्या आत होणारं काम. तरी रोज मी ते तुकडे बघायचो आणि रोज चार वाजून जायचे. तिकडं अक्काची बोचकी बांधून होत आली होती. एका संध्याकाळी मी त्या तुकड्यांवरच ओरडलो, "अहो, माणसानं मेल्यावर तरी हट्ट सोडावा!" एकट्या घरात स्वतःचा आवाज किती मोठा येतो. शेजारणीनं दार वाजवून विचारलं, काका, बरं आहे ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलो, माझ्या जुन्या वर्कशॉपात. टॅप मागवला नाही. तुम्ही जे माझ्यासाठी मागवलं नाहीत ते मी कसं मागवू? तिथं आता सगळी कॉम्प्युटरवरची मशिनं. माझा लेथ मागं कोपऱ्यात, गोणपाटाखाली. मालक म्हणाला, "काका, चालतोय अजून. लावा." गोणपाट काढलं, तेल घातलं. तुमचं खेळणं मी लेथमध्ये धरत नव्हतो, पण हात लावायचा नाही म्हणून मालतीला दिलेला शब्द आता खरा मोडला. तिला तुम्हीच सांगा, भेटली तर.

त्या लेथवर उलटे आटे पाडणं अवघड नाही. मशीनचा एक दांडा खाली पाडायचा, की टूल उलट्या दिशेनं चालायला लागतं. आधी पेनाची दांडी लावली. बारीक बारीक कट घेतले. काळ्या ॲक्रिलिकचा कीस केसासारखा निघत होता. आटे असे आले, दाजी, की आरशात बघावेत. उलटे, पण देखणे. मग चहा आला, मी मशीन पुसलं, चहा घेतला, परत येऊन टोपण लावलं. बाण घासू नये म्हणून कागद गुंडाळून. आतनं आटे पाडले, फुंकर मारली आणि दांडीवर बसवायला गेलो.

बसेना. पुन्हा बसवलं, बसेना. मग टोपण उजेडाला धरलं. दांडी उलटी आणि टोपण सरळ! चहाला जाताना मशीन पुसलं, तेव्हा हातानं सवयीनं दांडा वर करून ठेवला होता. कामावरून हलायचं तर दांडा जागेवर, ही जन्माची शिस्त. हाताला काय माहीत आज काय चाललंय? जन्मात कधी न केलेली चूक केली, आणि ती तुमच्या शेवटच्या टोपणावर. लाटणं संपलेलं. दुसरं टोपण करायला लाकूड नाही, आणि लाकूड असतं तरी तुमचा हात कुठनं आणणार होतो? मशीन चालू ठेवलं आणि रडलो. लेथच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही.

डोळे पुसल्यावर डोकं चालायला लागलं. लाकूड शाबूत होतं, बिघडली होती ती आतली नळी. नळी खरवडून काढायची, दुसरी चिकटवायची. तिथल्या तिथं खरवडली. मग टोपण खिशात घालून तुमच्या घरी आलो. कडी काढून बाल्कनीत गेलो, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. तुळशीच्या पानांवर अजून भुसा होता. तुमचा कांड्यांचा डबा उपसला. काळी एक नाही. मोरपंखी आहे, तिला तडा. जांभळी बारीक. मापाला बसेल अशी एकच कांडी निघाली. शेंदरी. आत चांदीचा चुरा.

"घ्या," मी मोठ्यानं म्हटलं, "झालं तुमच्या मनासारखं?" आतनं अक्का म्हणाली, "कुणाशी बोलतोयस रं?" मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याशी." जरा वेळानं ती दारात चहाचा कप ठेवून गेली.

तुमच्याच लेथवर नळी केली, चिकटवली, रात्रभर वाळू दिली. दुसऱ्या दिवशी परत वर्कशॉप. या वेळी खडूनं मशीनवर मोठा बाण काढला, तुमच्यासारखा, गोल, उलटा. त्याच्याकडं बघत बघत आटे पाडले. टोपण दांडीवर ठेवलं, उलट्या बाजूला फिरवलं, आणि ते जाऊन बसलं. पॉलिश मारताना वरचा बाण पुसायला लागतो. पुसला नाही. त्याच्यावरनंच पॉलिश चढवलं. आता तो निघायचा नाही.

अक्का जायच्या आदल्या दिवशी तिच्या हातात पेन दिलं. तिनं ते आधी नाकाला लावलं. मग उघडायला गेली, अर्थात नेहमीच्या बाजूनं. घट्ट. "लई घट्ट केलंयस की रं," म्हणाली आणि जोर लावायला लागली. मग तिला बाण दिसला. तिनं बाणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"व्हय?" म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं.

तिनं उलटं फिरवलं. टोपण निघालं, आणि आतनं ती शेंदरी नळी चमकली. अक्का खुदकन हसली. "अगं बया! आतनं कसं नटलंय बग की!" आणि हसता हसताच तिनं पदर तोंडाला लावला. रेखा आतनं धावत आली. मी बाल्कनीकडं तोंड करून उभा राहिलो.

जाताना ते पेन तिनं माझ्या खिशाला लावलं. म्हटलं, अक्का, लाटणं तुझं आहे. म्हणाली, "तितं नेलं तर कुणीतरी पोरगं घट्ट करून मोडून ठिवंल. तितं कुणाकुणाला सांगत बसू कसं उगडायचं ते? तुला म्हाईत हाय." बघा, माझंच म्हणणं मला ऐकवलं. तुम्ही असता तर टाळी दिली असतीत तिला.

तर आता तुमच्या घराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडं. लेथ माझ्या खोलीत आणलाय, त्याच्यावर अक्काचा तो एप्रन टाकलाय. लाकूड खूप आहे, आटे पाडायला मी आहे, पण आटे पाडायला या म्हणणारं कोण आहे? चार वाजता फोनकडं बघतो. अक्का रात्री फोन करते, जेवलास का विचारते. जेवलो म्हणतो.

तुमची आठवण येते, दाजी. फार येते. भांडायला माणूस नाही राहिलं.

आज हे लिहायला ते पेन काढलं. हात आपला नेहमीच्या बाजूला गेला आणि टोपण आणखी घट्ट झालं. रोज हेच होतं. मग बाण दिसतो, मग मी उलटं फिरवतो, मग ते उघडतं. पण त्याच्या आधी जरासा वेळ असा असतो, की पेन उघडलेलं नसतं, मी चुकलेला असतो, आणि तुम्ही शेजारी शेंगदाणे खात माझ्याकडं बघत असता.

लोक म्हणतात, होईल सवय. या पेनाची मला होऊ नये, दाजी. आटे जाणार नाहीत एवढ्या बेतानं मी रोज चुकेन.